पंचाण्णव किलोमीटर, एकोणीस दिवस

"बाबा, सासूबाई पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलंय. त्या आता येऊ शकत नाहीत. तुम्ही या."

सयाजीरावांनी निरोप एकदा वाचला, चष्मा सदऱ्याला पुसून परत वाचला, आणि हातातला चहा तसाच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. सकाळचे सात वाजले होते. विहीणबाईंच्या हाडाचं वाईट वाटायला हवं होतं, माणसाला तेवढी रीत असते, पण ते काही वाटलं नाही. डोळे अडकले ते शेवटच्या दोन शब्दांवर. संयोगिता त्यांची एकुलती एक लेक, तिकडं कॅनडात कॅलगरीला, आठव्या महिन्यात. दिवस भरणार वीस ऑगस्टला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे सगळ्या दुनियेला ठाऊक, पण माहेर म्हणजे आई, आणि आई गेलेली. मग माहेर म्हणजे काय, तर राजारामपुरीत नवव्या गल्लीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि त्यात एकटे सयाजीराव. म्हणून विहीणबाईंनी जायचं ठरलं होतं, डिंक-हाळीवसुद्धा बांधून झालं होतं, आणि सयाजीराव त्या बेतावर इतके खूश होते की बाईंना स्टेशन रोडवरनं लोकरीची शाल घेऊन दिली होती. आता ती शाल गेली खुब्याच्या हाडावर.

बाप्या माणसानं बाळंतपणाला जायचं हेच मुळात हसण्यावारी नेता आलं असतं. "मी काय शेक-शेगडी करणार व्हय?" असं लिहून मोकळं होता आलं असतं. त्यांनी तसं लिहायला घेतलंही. पण बोट थांबलं, आणि त्यांनी भलतंच केलं. फोन तोंडासमोर धरून त्याला विचारलं, कोल्हापूर ते कॅलगरी किती लांब. फोननं लगेच पान उघडून दिलं. सरळ रेषेत बारा हजार चारशे चाळीस किलोमीटर. विमानाला लागणारा वेळ पंधरा तास आठ मिनिटं. खाली पृथ्वीचं चित्र, आणि त्यावर एक तांबडी रेघ कोल्हापुरातून निघून सरळ वर, पार उत्तर ध्रुवाच्या अंगावरनं पलीकडं उतरलेली. सयाजीराव त्या आठ मिनिटांकडं बघत राहिले. पस्तीस वर्षं त्यांनी बिद्रीच्या साखर कारखान्यात टाइम ऑफिसात काढली होती. कोण किती वाजता गेटातनं आत आला, कोण किती उशिरा, हे लिहिण्यात हयात गेली. पाच मिनिटं उशीर झाला तर नावापुढं लाल शाई. त्या माणसानं गयावया केली, बैल अडला, सायकल पंक्चर झाली, बायकोला दुखतंय, तरी लाल शाई ती लाल शाई. "रस्त्याचं मला सांगू नगंस. रस्ता सगळ्यांला एकच हाय," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांना स्वतःचा मोठा अभिमान वाटायचा. आता त्याच माणसाला त्या पानावरची आठ मिनिटं टोचायला लागली. पंधरा तास म्हटलं असतं तर चाललं असतं. आठ मिनिटं कुणीतरी मोजली होती, म्हणजे पळवाट ठेवली नव्हती.

पळवाट. हा शब्द मनात आला आणि ते उठून घरात फिरायला लागले. हॉलमधनं स्वैपाकघरात, स्वैपाकघरातनं हॉलमध्ये. मग चपला घालून खालीच उतरले. गल्लीत शिकवण्यांना निघालेली पोरं-पोरी गाड्या उडवत होती, दवाखान्यांची शटरं वर जात होती. सयाजीराव भराभर चालत होते, आणि कुठं चाललोय ते त्यांना ठाऊक नव्हतं. डोक्यात आकडे. बारा हजार चारशे चाळीस आणि पंधरा तास. आणि त्या आकड्यांच्या मागून, कितीही वेगानं चाललं तरी पाठ न सोडणारे दुसरे दोन आकडे. बिद्री ते गगनबावडा, कोल्हापूरवरनं, पंचाण्णव किलोमीटर. वेळ एकोणीस दिवस. गणित त्यांनी आज पहिल्यांदा केलं, आणि करून पस्तावले. दिवसाला पाच किलोमीटर. गाभण म्हैस त्याहून जास्त चालते.

तेहतीस वर्षं झाली. बना, त्यांची बायको, बाळंतपणाला गगनबावड्याला माहेरी गेलेली. जुलै महिना, आणि तिकडचा पाऊस म्हणजे काय विचारता, आठ-आठ दिवस वाळत घातलेलं धोतर वाळत नाही. कारखान्याच्या ऑफिसात बनाच्या भावाचा फोन आला, बहीण सुखरूप हाय, मुलगी झाली. त्या दिवशी मांडुकलीजवळ रस्त्यावर नदीचं पाणी आलेलं आणि एस्टी बंद. हे खरं. हे अगदी शंभर टक्के खरं. पण त्या खऱ्याला शेपूट होतं. सयाजीरावांनी महिनाभर आधी सगळ्या टाइम ऑफिसात सांगून ठेवलं होतं की पेढे मुरगूडहून येणार, पाच किलो. मुलाचे पेढे, मुलीची बर्फी, ही रीत. पेढ्याशिवाय दुसरं काही आणायची वेळ आपल्यावर येईल हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. फोन ठेवला तेव्हा चौघं टेबलाभोवती उभे होते, आणि कुणीतरी म्हणालं, पहिली बेटी, धनाची पेटी. असं म्हणताना माणूस दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही, तसं तो बघत नव्हता. घरी आईनंही हेच म्हटलं आणि चुलीकडं तोंड फिरवलं. सयाजीरावांनी मुरगूडला निरोप पाठवला, पेढे नकोत.

रस्ता तिसऱ्या दिवशी सुरू झाला. एस्टीचा कंडक्टर ओळखीचा, त्यानंच सांगितलं, पाणी उतरलंय, चला की. सयाजीराव म्हणाले, उद्या बघू. उद्याला म्हणाले रजा न्हाय, आणि रजा लिहिणारे तेच होते. पावसाळ्यात कारखाना बंद, नुसती दुरुस्तीची खटपट, काम म्हणाल तर माशा मारायचं. ते क्वार्टरमध्ये पडून राहायचे. पाचवी झाली, बारसं झालं. नाव बनानंच ठेवलं. सयाजीरावांना त्या दिवसांत राग आला होता का? नाही. दुःख? छे. लाज. भर बाजारात धोतर सुटल्यासारखी लाज, आणि तीही कुणाची, तर एका बारा दिवसांच्या पोरीची. एकोणिसाव्या दिवशी ते गेले. बनाचं माहेर रस्त्याच्या कडेलाच. ती ओसरीवर बसलेली, पायावर पोरीला घालून तेल लावत होती. तिनं वर बघितलं आणि विचारलं, "रस्ता झाला व्हय सुरू?" समोरच्या रस्त्यावरनं सोळा दिवस एस्ट्या जात-येत होत्या. मधल्या काळात तिचा भाऊ दोनदा कोल्हापूरला जाऊन आलेला. आणि सयाजीराव म्हणाले, "आजच झाला." बनानं हात पुसले, पोरीला उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पुढं एकोणतीस वर्षं तिनं तो विषय काढला नाही. भांडणात काढला नाही, तापात काढला नाही. बाई अशी गप्प बसते तेव्हा माणसाला वाटतं सुटलो. सुटत कुणी नसतं.

चालता चालता ते आपल्या नेहमीच्या दवाखान्यात जाऊन बसले. नंबर लावला. डॉक्टरीणबाई तरुण होती, तिला त्यांनी गुडघा दाखवला, रक्तदाब तपासायला लावला, आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की विमानाचा लांबचा प्रवास आता या वयात बरा नव्हे न्हवं. तिनं कागद बघितले आणि म्हणाली की तब्येत ठणठणीत आहे, दर दोन तासांनी उठून चार पावलं चाला, पाणी प्या, मजेत जाऊन या. वर विचारलं, नातू की नात? सयाजीराव पैसे देऊन बाहेर पडले. डॉक्टर लोक नको तेव्हा आजार काढतात आणि पाहिजे तेव्हा एक काढत नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी रफिकभाईंचं ट्रॅव्हल्सचं दुकान. रफिकभाई आता हज करून आल्यापासून घरीच असतात, दुकान त्यांची लेक मेहक बघते. सयाजीरावांनी तिला फोनमधलं पान दाखवलं. ती हसली. म्हणाली, "काका, हे सरळ रेषेचं हाय. असं विमानच न्हाय. हितनं मुंबई, मुंबईत सहा तास बसायचं, मग युरोपात एक ठिकाणी बदलायचं, मग कॅलगरी. एकतीस तास धरा." एकतीस! सयाजीरावांच्या जिवात जीव आला. दुप्पट! कुणालाही पटेल असं कारण आयतं हातात पडलं. एकतीस तास या वयात, एकट्यानं, इंग्रजीचा पत्ता नाही. त्यांनी मान हलवली आणि न्हाय जमायचं असं म्हणाले. मेहक म्हणाली, "जमतंय की. व्हिसा तर हायच तुमच्याकडं. बाबा गेलतेच की मक्केला, त्यांना तर घरात गॅस पेटवता येत न्हाय." दहा ऑगस्टचं एक सीट आहे, विचार करून सांगा, असंही म्हणाली. व्हिसा होता, हे खरंच. दोन वर्षांपूर्वी जावयानं, पृथ्वीराजनं, सगळी कागदं करून तो काढून दिला होता. तेव्हापासून सयाजीरावांनी दोनदा जायचं टाळलं होतं. एकदा थंडी, एकदा गुडघा. पोरीनं दोन्ही वेळा म्हटलं होतं, राहू दे बाबा, जमेल तेव्हा या. तिला वाटत होतं बापाला विमानाची भीती. बापाला विमानाची भीती नव्हती.

भीती होती ती गोष्टीची. कारण तो "आजच झाला" तिथंच थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. खोटं गाजरगवतासारखं असतं, एकदा रुजलं की बघावं लागत नाही. संयोगिता चार वर्षांची असताना तिनं विचारलं, मी झाले तेव्हा तुम्ही कुठं होता? सयाजीराव म्हणाले, पूर आलता. सहा वर्षांची झाली तेव्हा त्या पुरात गगनबावड्याच्या वाटेवरचा बालिंग्याचा पूल आला, त्या पुलापर्यंत ते एकटे चालत गेले आणि पाणी बघून माघारी फिरले. पुढं पुढं तर छातीएवढ्या पाण्यात उतरले आणि लोकांनी हाताला धरून मागं ओढलं. पोरगी डोळे मोठे करून ऐकायची आणि परत सांगा म्हणायची. सातवीत तिनं 'माझे बाबा' असा निबंध लिहिला, त्याला पहिला नंबर आला, आणि बिद्रीच्या शाळेच्या गॅदरिंगला तो तिनं माइकवर वाचला. एकोणीस दिवस माझे बाबा रोज नदीचं पाणी बघायला जात होते. सगळा कारखाना समोर बसलेला. टाळ्या पडल्या. टाइम ऑफिसातले ते चौघंही टाळ्या वाजवत होते आणि सयाजीरावांकडं बघत नव्हते. बना शेजारी बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या.

हे एवढंच असतं तरी ते पचलं असतं. पण एकवीस साल आलं. मे महिन्यात बनाला कोरोना झाला आणि सहा दिवसांत ती गेली. तेव्हा तिकडनं इकडं येणारी विमानंच बंद होती. संयोगिता कॅलगरीच्या विमानतळावर जाऊन भांडून आली, वकिलातीला फोन केले, कुठंच काही नाही. पंचगंगेवर जे काही झालं ते तिनं फोनवर बघितलं. आणि त्या संध्याकाळी ती रडत रडत म्हणाली, "बाबा, तुम्हाला तेव्हा कसं झालं असेल ते मला आज कळतंय. रस्ताच नसला तर माणूस काय करणार?" सयाजीराव म्हणाले, "व्हय." एवढंच. पोरीला तेवढ्यानं धीर आला. पुढचे दोन महिने ती जेव्हा जेव्हा खचली तेव्हा तिनं तीच गोष्ट काढली, बालिंग्याचा पूल, छातीएवढं पाणी, आणि सयाजीरावांनी दर वेळी व्हय म्हटलं. तिचा बंद रस्ता खरा होता. तो त्यांनी आपल्या उघड्या रस्त्याच्या मापानं मोजू दिला. त्या दिवसापासून त्यांना तिचा चेहरा स्क्रीनवर नीट बघवत नाही. तिकडं जायचं म्हणजे तिच्या घरात महिना-दोन महिने राहायचं, आणि ती बाळाला मांडीवर घेऊन तीच गोष्ट सांगणार, आणि आपण शेजारी बसून ऐकायची.

दुपारी जेवण गेलं नाही. ते पलंगावर पडले, उठले, पान परत उघडलं, परत मिटलं. मनाशी वाक्यं जुळवली. गुडघा फार दुखतोय. डॉक्टर नको म्हणाल्या. एकतीस तास बसवत नाही. एखादी नर्स ठेवा, पैसे मी देतो. सगळी वाक्यं चांगली होती, लाल शाईच्या माणसांनी त्यांना सांगितलेल्या कारणांपेक्षा कितीतरी चांगली. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडं सकाळी आठला, त्यांनी फोन लावला. मुद्दाम चित्र बंद ठेवून लावला. संयोगिता आनंदात होती. बाळ लाथा मारतंय म्हणाली, खोली तयार केलीय म्हणाली, तुमच्या खिडकीतनं डोंगर दिसतो म्हणाली. सयाजीरावांनी गुडघ्याचं सांगायला तोंड उघडलं, आणि ती मध्येच हसून म्हणाली, "बाबा, काही सांगू नका. मला माहीत आहे तुम्ही येणार. तेव्हा पुरात उतरला होता, आता तर रस्ता मोकळा आहे."

गुडघा तोंडातच राहिला.

"संयू, रस्ता तिसऱ्या दिवशी सुरू झालता."

"कुठला रस्ता?"

"गगनबावड्याचा. तू झालीस तवा. तिसऱ्या दिवशी एस्टी सुरू झालती. मी आलो न्हाय. मुलगी झाली म्हणून आलो न्हाय. पुलावर पण मी कवा गेलो न्हाय."

तिकडं कुठंतरी किटली शिट्टी घालायला लागली आणि ती कुणी उतरवली नाही.

"आई गेली तेव्हा मी फोनवर तुम्हाला काय म्हणाले होते, आठवतंय?"

"आठवतंय."

"तुम्ही व्हय म्हणालात."

"व्हय."

फोन बंद झाला. सयाजीरावांना वाटलं होतं, असलं बोलून टाकलं की छाती हलकी होते. लोक म्हणतात तसं. काही हलकी झाली नाही. उलट आजवर जे एकट्याच्या छातीवर होतं ते आता आठव्या महिन्यातल्या पोरीच्या छातीवर जाऊन बसलं, आणि तेही बारा हजार किलोमीटरवर, जिथं पाठीवरून हात फिरवायचीही सोय नाही. नालायक माणसा, निदान महिनाभर थांबला असतास, असं ते स्वतःला म्हणाले. लगेच दुसऱ्या मनानं विचारलं, आणखी किती दिवस? थांबण्यात तर तू वस्ताद आहेस.

दुसऱ्या दिवशी निरोप नाही. तिसऱ्या दिवशी नाही. फोन ते आंघोळीला जातानासुद्धा बाहेर स्टुलावर दिसेल असा ठेवत होते. दर वेळी तो वाजे, आणि दर वेळी बँकवाले, नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाचं केकचं चित्र. त्यांनी पृथ्वीराजला विचारलं, तब्येत कशी आहे. त्यानं लिहिलं, ठीक आहे, जरा वेळ द्या. चौथ्या दिवशी सकाळी सयाजीराव खिडकीत बसले होते, गल्लीकडं तोंड करून, गल्लीत बघण्यासारखं काही नसताना, आणि एकदम त्यांच्या ध्यानात आलं की बनानं ते एकोणीस दिवस काय केलं हे आपण कधी विचारलेलंच नाही. ती जेवत होती का? गाडी थांबली की उठून बघत होती का? बारशाला आलेल्या बायकांना तिनं काय सांगितलं? एकोणतीस वर्षं शेजारी झोपून त्यांना यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं, आणि आता विचारायला ती नव्हती. चार दिवसांत त्यांचं हे असं झालं होतं. तिच्या अंगावर तर ओलं बाळंतपण होतं. सयाजीराव खिडकीत बसून रडले. गल्लीतनं कुणी वर बघितलं असतं तरी त्यांना त्याचं काही वाटलं नसतं.

तसेच उठून ते मेहककडं गेले आणि दहा तारखेचं तिकीट काढ म्हणाले. तिनं विचारलं, संयोगिताताईंशी बोलून घेतलंत न्हवं? ते म्हणाले, "तिनं बोलावलंय. आता नको म्हणंल बहुतेक. तू काढ." मेहकनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि कीबोर्ड पुढं ओढला. तिकिटाचा कागद त्यांनी संयोगिताला पाठवून दिला. सोबत एक शब्द लिहिला नाही. दारातनं हाकललं तर हाकललं, पण हाकलायला तरी माणूस दारात पाहिजे.

सहाव्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला.

"पृथ्वीराज न्यायला येईल. मी घरी आहे."

पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना चटका बसला. एकतीस तास जाऊन विमानतळावर लेक नाही. मग वाटलं, नववा भरत आलेली बाई येणार तरी कशी, उगाच काय मनाला लावून घ्यायचं. मग वाटलं, तसं नाही, तिला यायचंच नाही. शेवटच्या त्या तीन शब्दांत राग आहे की 'या' आहे हे काढायला त्यांनी चष्मा दोनदा पुसला, पण शब्द तेवढेच राहिले. घरी तर बनासुद्धा होती, एकोणीस दिवस.

त्यांनी उत्तर लिहिलं, 'येतो.' आणि पाठवायच्या आधी बोट थबकलं. संयू झाली त्या दिवशी कारखान्याच्या फोनवर मेव्हण्याला त्यांनी हेच सांगितलं होतं, येतो म्हणून सांग तिला. तो बिचारा पावसातनं धावत जाऊन सांगून आला असणार. सयाजीरावांनी शब्द खोडला. काहीच पाठवलं नाही. स्टूल ओढलं, वर चढले आणि कपाटावरची बॅग खाली काढली. विमानाला अजून एकवीस दिवस होते.